काडीचा गुलाब

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने गुलाबाच्या लागवडीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. ‘तुला नफातोटा कळतो, खतमातीतले काय कळते?’ असे वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारलेही. तिला मी म्हटले, गुलाबाने मला आधी तोटाच शिकविला. तो कसा झाला आणि पुढे कसा भरून निघाला, तेच येथे सांगावयाचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये, मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका पुष्पप्रदर्शनातून चार कलमी गुलाब घेऊन आले. प्रत्येकी दीडशे रुपये. एक पिवळा, एक केशरी, एक लाल आणि एक पांढरा. फेब्रुवारीपर्यंत फुले इतकी मोठी आली की, शेजारपाजारची मंडळी पाहावयास येत. मग जून लागला. पहिल्या पंधरवड्यातच पिवळ्याच्या पानांवर काळे ठिपके दिसू लागले. ठिपक्याभोवती पान पिवळे पडे आणि हात लावताच गळे. जुलैअखेर चारही झाडे म्हणजे नुसत्या काटेरी काठ्या उरल्या. दुकानातून बुरशीनाशक आणले. दर आठ दिवसांनी फवारा, असे दुकानदाराने सांगितले होते. पण बेळगावच्या आषाढात पावसाने तेवढी उसंत तर द्यावी! फवारून पंप धुवेपर्यंत पुन्हा सर येई. पिवळा गणपतीच्या आधी गेला, केशरी दिवाळीत. लाल मात्र तगला, असे वाटले. त्याच्या बुंध्यातून लांब, लवचीक फुटवे निघाले आणि आम्ही आनंदलो. पुढच्या फाल्गुनात त्याला नखाएवढ्या पांढऱ्या फुलांचे घोस आले, आणि तेवढ्यावर त्याचा वर्षाचा बहर संपला. तो आम्ही आणलेला गुलाब नव्हताच. ज्या खुंटावर त्याचा डोळा भरला होता, तो खुंट होता. दुकान बुडाले आणि जागेचा मालक तेवढा राहिला, असा प्रकार.

आणि हे सर्व चालले असताना कुंपणाच्या गडग्यापलीकडे, अज्जींच्या परड्यात, धुण्याच्या दगडाशेजारी एक गुलाबाचे झुडूप उभे होते. पुरुषभर उंच, तेवढेच पसरलेले, गर्द गुलाबी रंगाच्या, वाटीसारख्या भरगच्च फुलांचे. त्याला कोणी कधी फवारले नाही. तांदूळ धुतलेले पाणी, चहाचा चोथा आणि वर्षातून एकदा घमेलेभर शेणखत, एवढीच त्याची बडदास्त. पावसाळ्यात खालची काही पाने त्याचीही गळत. पण वरचे झाड हिरवेच राही, आणि श्रावणातल्या शुक्रवारी अज्जींच्या परडीत पाच-सहा फुले असतच.

येथे अज्जींची ओळख करून देणे अवश्य आहे. आजी माझी, अज्जी शेजारच्या. आजी मराठीत बोले, अज्जी कन्नडमध्ये उत्तर देत, आणि चाळीस वर्षे गडग्यावरून दोघींचा संवाद विनातक्रार चालला होता. लहानपणी मला एका शब्दाची मोठी मौज वाटे. कन्नडमध्ये फुलालाच ‘गुलाबी’ म्हणतात. अज्जी ‘केंपु गुलाबी’ म्हणत, म्हणजे लाल गुलाब. मला वाटे, लाल तर लाल, मग पुन्हा गुलाबी कशाला? असो. जुलै २०२३ मध्ये माझ्या काठ्यांकडे पाहून अज्जी हसल्या आणि आपल्या झुडपाची पेन्सिलीएवढी एक फांदी कापून हाती देत म्हणाल्या, “कड्डी हच्च, हूव तान बर्ताव.” काडी लाव, फुले आपण होऊन येतील. मी ती लावली. पण ‘आपण होऊन’ हा शब्द काही माझ्या मनातून जाईना. दीडशे रुपयांचा गुलाब मरतो आणि फुकटची काडी जगते, हे कोणत्या हिशेबात बसावे? तेव्हापासून जे वाचले आणि जे करून पाहिले, त्यातले उपयोगाचे तेवढे पुढे देते.

प्रथम त्या काळ्या ठिपक्याविषयी. हा एका बुरशीचा रोग आहे. तिचे शास्त्रीय नाव डिप्लोकार्पॉन रोझे. तिचा बीजाणू पानावर पडला, तरी लगेच रोग होत नाही. तो रुजावयास पान सलग सात तास तरी ओले राहावे लागते. हवा साधारण वीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास असली की, त्याला फारच मानवते. आता आपल्या गावाचा विचार करा. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंची, वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या चार महिन्यांत हवा नेमकी तेवढीच गार. पान सात तास काय, सात दिवस वाळत नाही. आपल्याच जिल्ह्यात अथणीकडे पाऊस याच्या निम्म्याच्या आसपास. तेथे हाच पिवळा गुलाब कदाचित निभावला असता. म्हणून ‘माझ्या मामांकडे छान येतो’ हे ऐकून रोप घेऊ नये. मामांचे गाव कोठले, ते आधी पाहावे.

पिवळाच आधी का गेला, याचेही कारण पुस्तकात सापडले, आणि ते मला मोठे मनोरंजक वाटले. बाजारातल्या मोठ्या, एकेका दांड्यावर येणाऱ्या फुलांच्या गुलाबांना हायब्रीड टी म्हणतात. त्यांतला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ हा १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ग्यो नावाच्या रोपवाटिकावाल्याने प्रसिद्ध केला. त्या वेळी या घराण्यात गर्द पिवळा रंग नव्हता. तो पेर्ने-दुशे याने १९०० मध्ये ‘सोलेल द’ऑर’ या गुलाबाच्या द्वारे आणला, आणि त्यासाठी रोझा फेटिडा या पश्चिम आशियातील पिवळ्या गुलाबाचा संकर केला. कोरड्या हवेतल्या या गुलाबाला काळ्या ठिपक्याचा प्रतिकार ठाऊकच नाही. रंगाबरोबर हा दुबळेपणाही पुढच्या पिढ्यांत उतरला. पिवळ्या आणि केशरी फुलांसाठी आपण जे जास्त पैसे मोजतो, त्यात या वारशाचीही किंमत असते.

मग अज्जींचे झुडूप कोठले? येथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या युरोपीय व पश्चिम आशियाई गुलाबांना बहुतेक वर्षातून एकदाच बहर येतो. उत्तर हिंदुस्थानात अत्तर-गुलकंदासाठी प्रसिद्ध असलेला दमास्क गुलाब मुख्यतः चैत्राच्या सुमारास फुलतो, म्हणून राजस्थानात हळदीघाटीकडे त्याला चैती गुलाब म्हणतात. बारमाही फुलण्याचा गुण आला तो चीनमधून. तेथल्या बागांतील गुलाबांत फुलण्याला लगाम घालणारे एक जनुक फार पूर्वी निकामी झाले होते. लगाम गेला, म्हणून झाड फुटेल तसे फुलू लागले. असे चार चिनी गुलाब साधारण १७९० ते १८२४ या काळात युरोपात पोहोचले. चीनहून येणाऱ्या जहाजांची वाट कलकत्त्यावरून असल्यामुळे फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर (त्या काळी त्याचे नाव बूर्बाँ) मळेवाले शेतांना गुलाबांचे कुंपण घालीत. तेथे चिनी गुलाब व दमास्क यांचा आपोआप संकर होऊन १८१७ च्या सुमारास एक नवाच गुलाब आढळला. तोच बूर्बाँ गुलाब. एदुआर या नावाने तो आपल्याकडे आला आणि आपण त्याचा एडवर्ड केला. दक्षिण हिंदुस्थानात हारांसाठी, गुलकंदासाठी, कुंपणासाठी आणि इतर गुलाबांचा खुंट म्हणून हा गुलाब पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. आपण ज्याला सरसकट गावठी म्हणतो, त्यात हा पुष्कळदा असतो. अज्जींचे झुडूप लक्षणांवरून याच कुळातले दिसते. म्हणजे गावठी म्हणून नाक मुरडावे, तर तो तीन खंडांचा प्रवास करून आलेला!

‘झुडूप गुलाब’ ही काही वनस्पतिशास्त्रातली काटेकोर जात नव्हे. जे आपल्या अंगाने भरदार वाढते, घोसांनी फुलते आणि ज्याला दरवर्षी गुडघ्यापर्यंत छाटावे लागत नाही, त्याला हे नाव व्यवहारात देतात. एडवर्डखेरीज आपल्या हवेत पाहण्यासारखे आणखी काही आहेत. ‘ओल्ड ब्लश’ हा त्या चार चिनी गुलाबांपैकी एक. फिका गुलाबी, सुटसुटीत पाकळ्यांचा, जवळजवळ बाराही महिने फुलणारा. ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ हा गेश्विंड या वनाधिकाऱ्याचा १८९७ चा गुलाब. गर्द लाल, घमघमीत वासाचा, मान खाली घालून फुलणारा. फुलदाणीत तो शोभत नाही. पण त्याच्या पाकळ्यांचा वास ओंजळीला तासभर राहतो. ‘द फेअरी’ १९३२ ची, बसकी, बारीक गुलाबी फुलांच्या गुच्छांची. हिला वास जवळजवळ नाही, पण मरणही नाही. ‘आइसबर्ग’ हा कॉर्डेस यांचा १९५८ चा पांढरा गुलाब आपल्याकडे सहज मिळतो. मात्र पावसाळ्यात त्याच्यावर ठिपके येतात, हे विकणारा सांगणार नाही. ज्यांना नवीन वाण हवा, त्यांनी कोडाईकनालच्या एम. एस. विरराघवन यांच्या कामाची माहिती जरूर मिळवावी. उष्ण हवेत टिकणारे गुलाब व्हावेत, म्हणून त्यांनी रोझा क्लायनोफिला व रोझा जायगँटिया या आपल्या देशातल्याच रानगुलाबांचा संकरासाठी उपयोग केला.

परदेशातही हाच प्रश्न निघाला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची अमेरिकेतील टेक्सासमधली रीत मला फार पटली. तेथे काही हौशी लोक जुनी घरे, दफनभूमी, रस्त्याच्या कडा येथे कोणाची देखरेख नसता जगलेले गुलाब हुडकीत आणि परवानगी घेऊन त्यांच्या काड्या आणीत. नाव ठाऊक नसेल, तर ज्या रस्त्यावर सापडला त्याचे नाव त्या गुलाबाला देत. ‘केटी रोड पिंक’ असाच एक. पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने गुलाबांच्या रीतसर चाचण्या घेतल्या: औषधाचा फवारा नाही, खत नाही, छाटणी नाही, फक्त बुंध्याशी आच्छादन आणि बेताचे पाणी. यात जे उत्तम ठरले, त्यांना ‘अर्थ-काइंड’ असा शिक्का मिळाला; ‘बेलिंडाज ड्रीम’ला तो २००२ मध्ये मिळाला. या यादीत ‘द फेअरी’ आहे, आणि रस्त्यावर सापडलेला ‘केटी रोड पिंक’ही आहे. गंमत म्हणजे हा अनाम गुलाब पुढे ओळखला गेला. आयोवामधील ग्रिफिथ बक या प्राध्यापकांचा १९७७ चा ‘केअरफ्री ब्यूटी’ तो हाच! बक यांचीही पद्धत तीच: औषध मारावयाचे नाही, राहतील ते आपले. याच ‘केअरफ्री ब्यूटी’चा अंश ‘नॉक आउट’ या २००० मध्ये आलेल्या, अमेरिकेत अफाट खपलेल्या झुडूप गुलाबात आहे. त्याला काळा ठिपका क्वचितच होतो. परंतु जिकडेतिकडे तोच एक लावला गेला, आणि कोळ्यासारख्या सूक्ष्म किडीमार्फत पसरणाऱ्या ‘रोझ रोझेट’ या विषाणूने त्याच्या ताटव्यांचे पुष्कळ नुकसान केले. एकाच शेअरमध्ये सगळी पुंजी घालू नये, हे आम्हाला वर्गात सांगतात, तेच हे.

मला यातून एक गोष्ट दिसली. कमी निगेचा गुलाब शोधण्यासाठी रोपवाटिकेची यादी घेऊन बसण्याची गरज नाही. ज्या परड्यात वीस-तीस पावसाळे कोणी न फवारता एखादे झुडूप उभे आहे, तेथे त्याची चाचणी होऊनच गेलेली आहे. शिवाय ते स्वतःच्या मुळावर उभे आहे; खाली दुसरा खुंट नाही. वाळवीने किंवा फांदीमरीने वरचे झाड गेले, तरी मुळातून फुटेल ते तेच फुटेल. माझ्या लाल गुलाबाचे जे झाले, ते याचे होणे शक्य नाही.

आता काडी कशी लावावी, ते सविस्तर सांगते, कारण येथे मी सर्वांत जास्त चुका केल्या. फूल गळून गेलेली, पेन्सिलीच्या जाडीची फांदी घ्यावी. अगदी कोवळी कुजते, फार जून रुजत नाही. काटा बाजूला ढकलला असता कट्‌कन मोडून यावा, अशी फांदी बरोबर पक्व झालेली समजावी. तिचे वीतभर लांबीचे, चार डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे तेथूनच लवकर सुटतात. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. पहिल्या वेळी मी सगळी पाने ठेवली; काडीला मुळे नसताना पानांनी पाणी उडविले आणि चार दिवसांत सर्व वाळले. दुसऱ्या वेळी काड्या उन्हात ठेवल्या. तिसऱ्या वेळी कोणती बाजू वर, तेच विसरले! डोळा पानाच्या देठाच्या वर असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे उलटी काडी लावण्याची नामुष्की येत नाही. निम्मी वाळू, निम्मी माती अशा मिश्रणात दोन डोळे आत जातील इतकी खोल काडी रोवावी, सावलीत ठेवावी, माती दमट राहील एवढेच पाणी द्यावे. रोज उपटून मूळ आले का ते पाहू नये. हसू नका, मी पाहत असे. चार ते सहा आठवड्यांत मुळे सुटतात. पान फुटले म्हणजे मूळ आले, असे मात्र नव्हे. काडीत साठविलेल्या अन्नावर चार पाने सहज फुटतात आणि मग ती पुंजी संपली की काडी मरते. म्हणून दोन महिने तरी हलवू नये. मूळ सुटावयाची पावडर मिळते; ती लावली तर प्रमाण वाढते, पण तिच्यावाचूनही भागते. चौथ्या खेपेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मी बारा काड्या लावल्या, पाच जगल्या.

जागा निवडताना ऊन पाहावे. निदान पाच-सहा तास, आणि शक्यतो सकाळचे, म्हणजे दव व रात्रीच्या पावसाचे पाणी पानांवरून लवकर वाळते. नारळाखाली किंवा दोन भिंतींच्या बोळात गुलाब लावणे म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणे. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. आपल्याकडची तांबडी माती पाण्याचा निचरा चांगला करते. काळ्या जमिनीत मात्र खड्डा म्हणजे पावसाळ्यात हौद होतो. तेथे वीतभर उंच वाफा करून त्यावर लावावे. त्या मातीत पान पिवळे आणि शिरा हिरव्या, असे दिसले, तर खत कमी पडले असे समजून आणखी खत ओतू नये. बहुधा चुनखडीमुळे लोह मिळत नसते. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवावे. लावताना ते हास्यास्पद वाटते, दोन वर्षांनी थोडे पडते. ज्यांना परडे नाही त्यांनी चौदा इंची कुंडीत ‘द फेअरी’ लावावी; एडवर्ड कुंडीत सुखी नसतो.

पाणी रोज थोडे देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळे भरून द्यावे, तेही बुंध्याशी. संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा सोडणे थंडगार वाटते खरे. पण त्या सात तासांची आठवण ठेवावी. बुंध्याभोवती चार बोटे जाड उसाचे पाचट किंवा भाताचे तूस पसरावे. एक तर उन्हाळ्यात पाणी निम्मे लागते. दुसरे, पावसाचे थेंब मातीवर आपटून खाली पडलेल्या रोगट पानांवरचे बीजाणू वर उडवितात, ते थांबते. ठिपक्यांची गळलेली पाने तेवढी रोज वेचून परड्याबाहेर टाकावीत. माझ्या मते फवारणीपेक्षा या एका कामाचा उपयोग अधिक होतो, आणि त्याला पाच मिनिटे लागतात.

छाटणीबाबत पुस्तके वाचून गोंधळ होतो, कारण त्यांतली बरीच हायब्रीड टीसाठी लिहिलेली असतात. झुडूप गुलाबाला दर ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, मेलेली, एकमेकींवर घासणारी आणि काडीसारखी बारीक लाकडे काढावीत. बाकीच्यांची उंची फार तर एकतृतीयांश कमी करावी. आणि तीन वर्षांहून जुना झालेला एखादा खोड-फाटा बुडातून काढून नव्या फुटव्याला जागा द्यावी. बस्स. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो, म्हणजे दसऱ्यानंतर कापले तर मार्गशीर्षाच्या गुरुवारांना फुले हजर. जूनच्या तोंडावर मात्र कात्री लावू नये, असे माझे मत आहे. बंगळूरकडे जूनमध्येही छाटतात; आपल्याकडे त्या वेळी आलेला कोवळा फुटवा थेट पावसाच्या तोंडी सापडतो.

छाटणीतली माझी मोठी चूक सांगून टाकते. ‘पाच पर्णिकांचे पान खऱ्या गुलाबाचे, सात पर्णिकांचे रानटी खुंटाचे, सात दिसली की काप,’ असे मला कोणी तरी सांगितले होते. २०२४ च्या जूनमध्ये काडीच्या सर्वांत जोमदार झाडाला बुडातून अंगठ्याएवढा जाड फुटवा आला. पाने मोजली, सात! मी तो मुळापासून कापला. अज्जींच्या झुडपाला सात पर्णिका नेहमीच येत, हे नंतर ध्यानात आले. हा नियम कलमी गुलाबालाही धड लागू पडत नाही. तेथे पर्णिका न मोजता फुटवा डोळ्याच्या जोडाच्या खालून आला की वरून, ते पाहावे. आणि काडीच्या झाडाला जोडच नसल्यामुळे मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

किडींचे थोडक्यात. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पाण्याचा जोराचा झोत दोन दिवस मारला, तर पुरतो, आणि उरलेला ढालकिडे खातात. एप्रिल-मेमध्ये पानांमागे लाल कोळी होतो, त्यालाही पाणीच. वळवाचा पहिला पाऊस झाला की, रात्री पाने कुरतडणारे तपकिरी भुंगेरे येतात. ऊसवाले ज्या हुमणीने हैराण असतात, कन्नडमध्ये जिला ‘गोण्णे हुळु’ म्हणतात, तिचेच हे मायबाप. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन ते वेचावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. चार रात्रींचा खेळ असतो.

आता हिशेब. दोन वाफ्यांची वही मी मे २०२५ अखेरपर्यंत ठेवली. कलमी वाफा: रोपे ६०० रुपये, बुरशीनाशक ३२०, खत २४०, फवारणीचा पंप २८०, एकूण १,४४०. फुले ९६. म्हणजे फूल पंधरा रुपयांना पडले. काडीचा वाफा: खत २४०, पिशव्या व वाळू ६०, एकूण ३००. फुले सुमारे साडेसातशे. फूल चाळीस पैशांना. ही वही मी मोठ्या ऐटीने परिव्ययाच्या सरांना दाखविली. त्यांनी चष्मा वर करून विचारले, “मजुरी कोठे आहे?” मी गप्प. मग मिनिटे मांडली. फवारणी, पंप धुणे आणि सुतकी चेहऱ्याने झाडांकडे पाहणे मिळून कलमी वाफ्याला अधिकच वेळ गेला होता. पण पाने वेचणे, भुंगेरे पकडणे आणि तीन वेळा फसलेल्या काड्या धरल्या, तर काडीचा वाफाही फुकट नव्हता. आणखीही एक मान्य केले पाहिजे: कलमी पांढऱ्याचे एक फूल टेबलावर आठ दिवस राहते, एडवर्डची पाकळी दुसऱ्या दिवशी झडते. ज्याला फुलदाणी सजवावयाची आहे, त्याने माझा ताळेबंद मानू नये. आमच्या घरी फुले देवाला, आजीच्या गुलकंदाला आणि शेजारी लागतात. तेथे संख्या मोठी.

अज्जींचे घर एप्रिल २०२४ मध्ये विकले गेले. मुलगा हुबळीला असतो, त्याच्याकडे त्या गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी दोघी म्हाताऱ्या गडग्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. एक कन्नडमध्ये, एक मराठीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. धुण्याचा दगड, गडगा आणि ते झुडूप एका सकाळीत गेले; मी कॉलेजातून परत आले तेव्हा लाल मातीचा सपाट चौकोन होता. आदल्या ऑक्टोबरात त्या बारा काड्या घेतल्या नसत्या, तर त्या गुलाबाचे आज काहीच उरले नसते; आणि पहिल्या तीन चुका मी त्या सालाऐवजी पुढच्या साली केल्या असत्या, तरीही उरले नसते. आमच्या गल्लीत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. एका परड्यात, विहिरीच्या काठावर, मोतिया रंगाचा एक बारीक गुलाब आहे. त्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही. त्या घरावरही फलक लागला आहे. मालकांना विचारून मी गेल्या महिन्यात तेथून आठ काड्या आणल्या.

पाच झाडांपैकी दोन आमच्याकडे आहेत, दोन गल्लीत दिली, आणि पाचवे गेल्या दिवाळीत पिशवीतून, बसच्या खिडकीशी मांडीवर धरून, हुबळीला नेले. तेथे परडे नाही. दुसऱ्या मजल्यावर गच्ची आहे. एडवर्ड कुंडीत सुखी नसतो, हे वर लिहिले आहे, आणि ते खरेच आहे. तरीही मोठ्या पिंपात, पूर्वेच्या कठड्याशी तो ठेवला. परवा अज्जींचा फोन आला होता. आजीला त्यांनी सांगितले की, सात पानांचा जाड फुटवा आला आहे, आणि मला निरोप दिला की, त्याला हात लावावयाचा नाही.

आमच्या झाडांची छाटणी यंदा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. पंचवीस-तीस काड्या सहज निघतील. ज्यांना हव्या असतील, त्यांनी वर्गात मला सांगावे, मराठीत किंवा कन्नडमध्ये; आणि येताना ओले फडके बरोबर आणावे.